एका अंगानं झिजलेला टायर

प्रेमलालनं गाडी डबल स्टँडवर चढवली, मागचं चाक हातानं फिरवलं आणि काडीपेटीतली एक काडी काढून टायरच्या खाचेत घातली. डाव्या अंगाला काडी चांगली आत गेली. उजव्या अंगाला तिला शिरायला खाचच उरली नव्हती. तिथं टायर वापरलेल्या पाट्यासारखा गुळगुळीत झाला होता.

मैनाबाई गॅरेजच्या बाकावर बसून त्या काडीकडे टक लावून बघत होती. गाडीला पंधरा वर्षं भरली होती आणि उद्या बालाघाटला नेऊन ती आरटीओत दाखवायची होती. पास झाली तर कटंगीचा, रामपायलीचा बाजार पुन्हा सुरू. नापास झाली तर भंगार. नवरा महागू गेल्यापासून गाडी ताडपत्रीखाली उभी होती, मिरची-हळदीची पोती घरात पडून होती, आणि पोत्यांच्या बाजूला मैनाबाई.

"आई, जाऊ दे नं ही गाडी," कुशल म्हणाला. "आज टायर टाकला त उद्या इंजन बसन. कबाडीवाला घेऊन जाते."

"तुले कोनं इचारलं?" मैनाबाईनं पोराला गप्प केलं. "प्रेमलालभाऊ, तुमी सांगा."

प्रेमलालनं रिम पाहिली, चेन पाहिली, एक डोळा मिटून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का तेही पाहिलं.

"बाकी गाडी पास होते, वहिनी. फकत हा टायर नाही चालत. पाह्यल्या पाह्यल्या नापास करतीन."

"चाक सिधं हाय त टायर एकाच बाजूनं कसा घासला, काका?" कुशलनं विचारलं.

प्रेमलाल फडक्याला हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला.

"वहिनी, तुमी भाऊच्या मांगं कशा बसत होत्या?"

"कशी म्हंजे? बायका बसतात तशी. दोन्ही पाय एका बाजूले."

"अन् मांडीवर?"

"मिरचीचं बोचकं."

"मंग! तुमी अन् बोचकं, सारं वजन डाव्या बाजूले. गाडी पडू नाही द्याची त चालवनाऱ्याले उजवीकडं वाकाच लागते. मानूस वाकला का गाडीबी वाकते. भाऊ सारा रस्ता तसेच जात होते. टायर तिकडूनच घासन नं."

"ते त सदाचेच वाकडे बसत होते," मैनाबाई म्हणाली. म्हणाली आणि तिथंच थांबली.

महागूचा उजवा खांदा खाली उतरलेला होता, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. त्यावरून नवऱ्याला डिवचण्यात मैनाबाईनं कधी हयगय केली नव्हती. गाडीवर बसलं की तिचं सुरू व्हायचं, "सिधे बसा नं जी, लोक हासून राह्यले." महागू "हौ, हौ" म्हणत सरळ व्हायचा, गाडी हेलकावे खायची, ती घाबरून त्याचा सदरा मुठीत धरायची आणि वर त्यालाच म्हणायची, "गाडी चालवता येत नाही धड." मग तो पुन्हा उजवीकडे वाकायचा. घरी आल्यावर त्या खांद्याला तेल तीच चोळायची, तेही बडबडत. शेवटची आंघोळ घालतानासुद्धा तिनं तो खांदा हातानं वर सरकवून पाहिला होता. तो सरकला नव्हता.

"मी म्हटलं होतं भाऊले," प्रेमलाल खाली बघत म्हणाला. "मांगच्या बारीले टायर बदलला तवाच म्हटलं. वहिनीले दोन्हीकडं पाय टाकून बसाले सांगा. त म्हने, तिले लाज वाटते रे. राहू दे. मी वाकतो नं."

इतकी वर्षं तिनं त्या माणसाला चारचौघांत वाकडा म्हटलं आणि त्यानं एकदा म्हणून तोंड उघडलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. आता काहून नाही सांगितलं म्हणून विचारायचं तरी कोणाला?

"टाका नवा टायर," ती म्हणाली.

नवा टायर चढला. जुना टायर प्रेमलालनं भिंतीला टेकवून ठेवला.

"हा नेता का वहिनी?"

"मी काय करू त्याचं?" ती म्हणाली. पण निघताना तिनं वाकून त्याच्या गुळगुळीत अंगावरून एकदा हात फिरवला.

कुशलनं गाडी सुरू केली. समोरच्या चहाच्या टपरीवर चार-पाच माणसं बसली होती, त्यातले दोघे ओळखीचे. मैनाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, कुशलच्या खांद्याचा आधार घेतला, लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर खोचलं आणि एक पाय पलीकडे टाकून बसली. टपरीवरचं बोलणं थांबलं.

"आई! काय करून राह्यली? लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

तिनं दोन्ही हात पोराच्या खांद्यांवर ठेवले. येताना ती एका बाजूनंच बसून आली होती. आताही आई मागं बसली म्हणताच कुशलचा उजवा खांदा आपोआप खाली गेला होता, थेट बापासारखा.

मैनाबाईनं तो हलकेच वर उचलला.

"तू सिधा बस," ती म्हणाली.