नावावरचा गाळा

विक्रीकराचे साहेब निशिगंधाच्या मिरची कांडायच्या डंक्यावर आले तेव्हा चटणीचा ऐन हंगाम होता. मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायका दारापर्यंत बसल्या होत्या. साहेबांना आधी सात-आठ शिंका आल्या. मग डोळे पुसत त्यांनी नोटीस पुढं धरली.

"निशिगंधा ट्रेडर्सच्या मालक तुम्हीच ना?"

"नाव माझं, धंदा नवऱ्याचा हुता. आता दुकानबी न्हाय आन् नवराबी न्हाय. फारकत होऊन सहा वर्सं झाली."

"कागदावर मालक तुम्हीच आहात, बाई. एक्क्याण्णव ते चौऱ्याण्णवचा कर, वर व्याज आणि दंड. दोन लाख अठरा हजार. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर हा डंका जप्त होईल."

निशिगंधा तशीच शाहूपुरीत गेली. तिच्या पहिल्या नवऱ्याचं, बाळासोचं पाईप-मोटरींचं दुकान त्याच जुन्या गाळ्यात होतं. पाटी तेवढी बदलली होती. आता तिच्यावर दुसऱ्या बायकोचं, शिवानीचं नाव होतं.

बाळासोनं नोटीस वाचली आणि घडी घालून परत दिली.

"सही कुणाची? तुझी. मग भरायचं कुणी? ज्याच्या नावावर त्याचं."

"तुमीच म्हणायचासा, हितं सही कर, हितं कर. मी भाकरी थापताना उठून करत हुते."

"वाचून करायची हुतीस की!" बाळासो हसला. दुकानातली गिऱ्हाइकंही हसली.

घरी जाताना निशिगंधाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आपण आणखी कशाकशावर सह्या केल्या असतील?

आठवडाभर ती सिटी सर्व्हेच्या कचेरीत खेटे घालत राहिली. नवव्या दिवशी कारकुनानं शाहूपुरीच्या गाळ्याच्या प्रॉपर्टी कार्डाची नक्कल हातात ठेवली. भावांना वाटा द्यावा लागू नये म्हणून बाळासोनं तो गाळा बायकोच्या नावावर घेतला होता. फारकतीनंतर स्टँपचा खर्च वाचवायला कागदावरचं नाव बदललंच नव्हतं. दोन लुगड्यांवर ती घराबाहेर पडली, तेव्हाही गाळा तिचाच होता.

निशिगंधा कचेरीच्या पायरीवर बराच वेळ बसली. मग उठून आधी वकिलाकडं गेली आणि तिथून विक्रीकराच्या साहेबांकडं.

"साहेब, डंक्याला हात लावू नगासा. माझ्या नावावर एक गाळा हाय, त्यो जप्त करा."

दुसऱ्या दिवशी साहेब सील करायची लाख आणि सुतळी घेऊन शाहूपुरीत उतरले. निशिगंधा बरोबर होती.

"पावणं, चुकीच्या दुकानात आलाईसा," बाळासो म्हणाला. साहेबांनी कार्ड दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. आत सगळा माल भरलेला, रस्त्यावर शेजारचे दुकानदार जमलेले.

"साहेब, सील करू नगासा. मी भरतो. आत्ता ड्राफ्ट काढून आणतो."

"भरलंत तर जप्ती नाही," साहेब म्हणाले.

निशिगंधा बाकड्यावर बसून राहिली. दोन तासांनी बाळासो घामाघूम होऊन ड्राफ्ट घेऊन आला. साहेबांनी निशिगंधाच्या नावची पावती फाडली, तिच्या हातात दिली आणि ते जीपमध्ये बसून गेले.

बाळासो गटागटा पाणी प्यायला. "झालं समाधान?"

"न्हाय, बाळासो."

लग्नाच्या अकरा वर्षांत तिनं कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. तिनं पदराआडून वकिलाची नोटीस काढली आणि टेबलावर ठेवली.

"कर भागला. आता गाळा माझा. म्हैन्याभरात मोकळा करून दे."

बाळासोनं नोटीस उघडली. एवढ्यात शिवानी जेवणाचा डबा घेऊन पायरी चढली. नवऱ्याचं तोंड बघून ती दारातच थबकली.

निशिगंधा तिच्याजवळ गेली. आवाज खाली आणून म्हणाली, "पोरी, तुझ्या किती सह्या घेतल्यात गं ह्यानं?"

शिवानीनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग पाटीकडं. डबा पायरीवर ठेवून ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली.