अस्तर गडदच हवं!

"कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण तरुणपणी मी मगरीला पोहण्याच्या शर्यतीत हरवलंय," आजोबांनी कारागिराला ठणकावलं. "माझ्यासारख्या पोहणाऱ्याला फिकट रंग शोभेल? अस्तर गडद निळंच घाला!" घरामागच्या स्विमिंग पूलचं जुनं, शेवाळलेलं अस्तर निघालं होतं आणि नव्याचे दोन नमुने टेबलावर होते. फिकट नमुना आजोबांनी हळूच टेबलाच्या कडेला सारला. त्याने तळ लख्ख दिसणार, आणि तळाला टेकलेले त्यांचे पायही. आजवर शेवाळाच्या कृपेने ते गळ्याइतक्या पाण्यात हात मारत नुसते चालत आले होते. "मग मगरीचं काय झालं?" कारागिराने विचारलं. "लाजेने नदी सोडून गेली बिचारी!" आजोबा उत्तरले. आजीने हसत फिकट नमुना कारागिराच्या हातात दिला. "अहो, पुरे! पोहता कुठे येतं तुम्हाला? फिकटच बरं. तुमचे पाय टेकलेले दिसले, की माझा जीव भांड्यात पडतो."