सशाचं मटण

सोनोग्राफीत बाळाचा वरचा ओठ फाटलेला दिसला. डॉक्टरीण म्हणाली, “टाके घातले की जुळेल.” घरी मात्र जेवणाच्या दस्तरखानाभोवती जमलेल्या बायकांसमोर सासूनं तोंडाचा पट्टा सोडला. “पोटुशीनं सशाचं मटण खाल्लं की हेच होतं. हिचा बाप शिकारी. माहेरी जाऊन चापलं असणार! आमच्या घराण्यात असलं तोंड कधी जन्मलं नाही. पाडून टाक, नाहीतर नारीन गावी बापाकडे चालती हो.” नवरा खाली मान घालून नान कुरतडत होता. मी किटली आदळली, आतून त्याचा वस्तरा आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. “तालाय, मिशी उतरव.” त्या झुपकेदार मिशीखालची टाक्यांची रेघ माझ्या बोटांना लग्नाच्या रात्रीच लागली होती. त्यानं हात पुढे केला, तशी सासूनं झेपावून त्याच्या तोंडावर पंजा दाबला. मी विचारलं, “आई, याच्या वेळी तुम्ही किती ससे खाल्लेत?”