पिवळी वायर

सकाळी शेडच्या दाराच्या झडपेतून मालकाने पिवळ्या वायरचं वेटोळं आत सरकवलं आणि झडप बाहेरून लावून घेतली. "ही आजची जास्तीची," एवढंच म्हणाला.

सासूने वेटोळं मांडीवर घेतलं. वायर जुनी, बारीक, जागोजागी चुन्याचे शिंतोडे. पातं लावून वीतभर साल काढली तर आत लालबुंद तांबं. "अस्सल आहे," ती सुनेला म्हणाली. "हल्लीच्या केबलीत असलं तांबं मिळतंय कुठे?"

"पण आई, ही आली कुठून? भंगाराच्या ट्रकातून तर नुसत्या जाड केबली येतात."

"वायर कुठून आली ते आपण विचारायचं नाही. आली की सोलायची. धर्माची गाय आणि दात का गं नाय."

सुनेने पातं उचललं. मजुरी तांब्याच्या वजनावर होती.

शेडला दार एकच, त्यालाही दिवसभर बाहेरून कुलूप. तांबं चोरीला जातं, असं मालकाचं म्हणणं. पाणी हवं असलं, बाहेर जायचं असलं, तर भिंतीवरचं बटण दाबायचं. आवारापलीकडे मालकाच्या खोलीत बेल वाजायची आणि तो किल्ली घेऊन यायचा. सासूला साखरेचा आजार. तिला सारखं जावं लागे, आणि बटण दाबायला सुनेला उठावं लागे. काल कुलूप काढता काढता मालक कावला होता. "पाचवी वेळ झाली. मी मालक आहे की तुमचा गडी?" सासूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून आज सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि बटणाकडे कोणी फिरकलंही नव्हतं.

दुपारपर्यंत पिवळी वायर सोलून झाली. तांबं पोत्यात गेलं, साली कोपऱ्यातल्या ढिगावर. ढिगाला लागूनच साली दळायचं मशीन होतं. त्याची मोटर आठवडाभर तापत होती. चालतंय तोवर चालवा, असं मालकाने सांगितलं होतं. आधी करपट वास आला. मग काळा धूर. मग ढीग खालून लाल दिसायला लागला.

सुनेने मशीन बंद केलं. बाटलीतलं पाणी ओतलं, ते कुठल्या कुठे गेलं. दोघींनी झडप बडवली, घसा फोडून हाका मारल्या. बाहेर केबल कापायचं यंत्र धडधडत होतं. कोणालाच काही ऐकू गेलं नाही.

सून बटणाकडे धावली. दाबलं. परत दाबलं, अंगठा तसाच रोवून ठेवला.

"येतोच आहे तो," सासू खोकत म्हणाली. "कालचा राग आहे, म्हणून उशीर लावतोय. तू दाबत राहा."

धूर डोक्यापर्यंत उतरला. पदर नाकाला लावून सुनेने वर पाहिलं, आणि तिचा अंगठा आपोआप बटणावरून निघाला.

"आई, सकाळची ती पिवळी वायर मालकाने कुठून आणली?"

"वायर कुठून आली ते आपण..." सासू सवयीने म्हणायला लागली, आणि सुनेच्या बोटामागोमाग तिची नजर भिंतीवर गेली.

बटणापासून वरच्या धुरापर्यंत चुन्याने माखलेल्या खिळ्यांची ओळ होती, आणि एकाही खिळ्यावर वायर नव्हती.