घाम न येणारं घराणं

"तेवढं ऑपरेशन लग्नाआधी उरकून घ्या," नुकत्याच स्वयंपाकघरातून आलेल्या वृषालीच्या ब्लाउजच्या ओल्या बाह्यांकडे बघत मुलाची आई कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे कुणालाच घाम येत नाही. चारचौघांत बरं दिसत नाही हो ते."

वृषालीची आई लगेच मान डोलवू लागली, आणि वृषालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकोल्यात भर वैशाखात मुलगी बघायला यायचं आणि तिला घाम येतो म्हणून नाक मुरडायचं! मुलगा आणि त्याचे आईवडील, या तिघांनी अंगभरच्या घामाच्या ग्रंथी काढून घेतल्या होत्या आणि कुत्र्यासारख्या फक्त तळपायांत ठेवल्या होत्या. कपड्यांना डाग नाही, अंगाला वास नाही. तेवढ्यावर स्वतःला मोठे खानदानी समजत होते.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं मुलाला, हेरंबला, विचारलं.

"आई म्हणते तसंच..." त्यानं सुरुवात केली आणि वीज गेली. एसी बंद पडला.

बघता बघता खोलीची भट्टी झाली. आधी हेरंबच्या वडिलांची जीभ बाहेर आली, मग त्याची. कुमुदिनीबाईंनी रुमालाआड तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं, पण शेवटी त्यांचीही जीभ लोंबू लागली. तिघं सोफ्यावर ओळीनं बसून धापा टाकत होते, आणि फरशीवर त्यांच्या पावलांचे ओले ठसे उमटले होते.

आई घाबरून पेल्यांत पाणी ओतू लागली. वृषालीनं पदरानं कपाळावरचा घाम सावकाश पुसला.

"पेल्यानं जमायचं नाही गं त्यांना," ती म्हणाली. "परात आण."