बाबांच्या सैल गाठी

बाबांनी ते यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि मग चक्क हुंगलं.

“काय आहे हे? नाकातले केस काढायचं?”

“गळ बांधायचं आहे, बाबा,” लेक म्हणाली. “गळ या खाचेत अडकवायचा, दोरा इथून घ्यायचा, हे गरगर फिरवायचं आणि ओढायचं. झाली गाठ! डोळे ताणायला नकोत.”

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. परवाच बाबांच्या हातून बटणांचा डबा सांडला होता आणि आई घरभर बटणं वेचत बसली होती. त्यांच्या शर्टाचं एखादं बटण तर हल्ली सारखंच कुठेतरी अडकून तुटायचं. तेही तिनेच लावायचं.

“गळ बोटांनीच बांधायचा असतो,” बाबा म्हणाले. “हे या घरात कुणीही वापरायचं नाही. सांगून ठेवतोय.” आणि स्टुलावर चढून त्यांनी ते कपाटाच्या माथ्यावर, पार मागे ढकलून दिलं.

लेक हिरमुसली. तान्ह्या मुलीला झोपवून, बाजारात तीन दुकानं पालथी घालून तिने ते आणलं होतं.

संध्याकाळी बाबा धक्क्यावरून आले. पत्र्याची डबी खिडकीत ठेवली, “आंघोळीला जातो गं” असं शेजारपाजाऱ्यांनाही कळेल इतक्या मोठ्याने सांगितलं आणि मोरीत शिरले. लगेच आतून गाणं सुरू झालं.

आईने डबी उघडली. एक गळ काढून लेकीसमोर धरला आणि दोरा जरासा ओढला. गाठ सुटून हातात आली.

“बघ. सगळ्या अशाच. एके काळी धक्क्यावरची माणसं यांच्याकडून गळ बांधून न्यायची.”

या गळांना भोक नसतं, डोकं नुसतं चपटं असतं. त्याच्या मानेला दोऱ्याचे वेढे घालून आवळायचे. आई एकेक गळ घेऊन वेढे घालू लागली. लेक बघतच राहिली.

“तू रोज बांधतेस? या हाताने?”

मागच्या वर्षीच्या आजारपणात आईच्या उजव्या हाताची बोटं लाकडासारखी होऊन बसली होती. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिने नातीच्या पाळण्यात टाकला होता. ‘मी काय कुकुलं बाळ आहे, चेंडूशी खेळायला?’

“मग काय करू? पाण्यात गाठ सुटली तर धक्क्यावर हसं होईल त्यांचं. सुरुवातीला एका गाठीपायी भाजी करपायची. आता त्यांची आंघोळ व्हायच्या आत डबी जागेवर.”

“आंघोळ तरी केवढी लांबलचक!”

“हल्लीच लांबलीय. सगळी गाणी म्हणतात, एकही पुरं येत नाही. म्हातारपण, दुसरं काय.”

“मग तू तरी यंत्राने बांध ना. मी काढून देते.”

“नको गं बाई. यंत्राचे वेढे वेगळे पडतात, त्यांच्या बोटांना लगेच कळेल.” आई हसली. “लग्न झालं तेव्हा त्यांनीच शिकवलंय मला. माझी पहिली गाठ बघून म्हणाले होते, ‘ही बघून मासा हसून हसून मरेल, गळाची गरजच नाही.’ आता माझ्याच गाठीवर मासे आणतात आणि मला ऐकवतात, ‘बघितलास माझा हात?’”

लेकीला मात्र हसू आलं नाही. “आई, ज्या माणसाला गाठ दिसत नाही, त्याने होडी घेऊन समुद्रात जायचं? उद्या मी धक्क्यावर जाऊन बघते. खरंच दिसत नसेल तर होडी बंद. वाईटपणा मी घेईन.”

“तसं करू नकोस,” आई एकदम म्हणाली. “होडी गेली तर हा माणूस खुर्चीत बसून वाळून जाईल.”

आतलं गाणं थांबलं. आईने डबी खिडकीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक निघाली. आईचं एकच चाललं होतं, “त्यांना लागेल असं बोलू नकोस, चारचौघांत तर नकोच.” बोलता बोलता तिने नातीला मांडीवर घेतलं आणि डाळीएवढी बटणं पटापट लावून तिचं झबलं बंद केलं.

धक्क्यावरच्या शेडमध्ये बाबा दाराकडे पाठ करून बसले होते. शेजारी होडीतला जोडीदार जाळं शिवत होता. लेक दारातच थांबली.

“ही कालची,” बाबा एक गळ जोडीदारापुढे नाचवत म्हणाले. “मागच्या महिन्यात वेढ्यांमध्ये फट राहायची. आता बघ. आहे कुठे फट?”

“वा!” जोडीदार म्हणाला.

लेकीच्या मनात आलं, बिचारे! आईची गाठ आपली समजून मिरवतायत.

“तो बघ तुझा मेहुणा,” बाबा पुढे म्हणाले. “लाल होडीत. टोपी उलटी घातलीय गाढवाने.”

जोडीदाराने डोळ्यांवर हात धरला. लेकीनेही पाहिलं. तिला पाण्यावर एक लाल ठिपका तेवढा दिसला.

बाबांनी नवा गळ घेतला. नजर त्या लाल ठिपक्यावरच होती, खाली बोटं आपली आपण फिरत होती. वेढे पडले, दाताने दोरा ओढला गेला, गाठ टणक बसली. गळ खुंटीला अडकवून त्यांनी दोऱ्याला जोरात हिसका दिला. खुंटी हलली, गाठ हलली नाही.

मग त्यांनी तो गळ मांडीवर घेतला, नखाने एकेक वेढा हळूच सैल केला आणि घरी न्यायच्या डबीत ठेवला.