दोनाची शेपटी

होनोलुलूतल्या आपल्या जुन्या तिकिटांच्या दुकानात मोरिवाकीकाका भिंगाखाली आमची टपालतिकिटं तपासत होते. हवाईत राजा होता त्या काळातली, दोन सेंटांची. अशी खरी जगात मोजकीच. बाबांनी आम्हा बहिणींना लहानपणी एकेक दिलं होतं. ताईचं अखंड, माझं फाटकं. "लाडकीला चांगलं, तुला उरलंसुरलं," ताई चिडवायची. "फाटकं खरं," काका म्हणाले. "तेव्हाचा कागद इतका पातळ, की सहसा धड राहत नाही. छापलेलं अक्षर कागदात रुततं. हे दुसरं, पोरी, कुणीतरी लेखणीनं काढलंय." ताईचा चेहरा उतरला. मी भिंग घेतलं. ताईच्या तिकिटावरच्या दोनाची शेपटी माशाच्या गळासारखी वळलेली. बंदरातल्या होड्यांवर बाबा आकडे रंगवायचे, ते असेच. "एकच होतं त्यांच्याकडे," मी म्हटलं. "दोघींना पुरवलं." ताई भिंगावर वाकली. "बदलतेस?" मी विचारलं. तिनं आपलं तिकीट जवळ ओढलं. "तुझं तुला लखलाभ."